अभिप्राय गोळा करण्याआधी तो कोणाच्या टेबलावर जाणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्थानिक आरोग्य केंद्राच्या सल्लागार समितीवर तुम्ही नव्याने आला आहात. केंद्रात अभिप्राय पेटी आहे, वर्षातून एकदा समाधानाचा फॉर्म भरून घेतात आणि त्यात जवळजवळ सगळे ‘समाधानी’ निघतात. बाहेर मात्र लोक वेगळंच बोलतात. तर लोकांचं खरं म्हणणं कळावं कसं, आणि त्यातून सेवा प्रत्यक्षात सुधारावी कशी? आरोग्य केंद्रं, रुग्णालयं आणि वृद्धांच्या शुश्रूषा सेवा यांच्यासाठी मी बरीच वर्षं हेच काम करत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात फॉर्मपासून करू नका. आधी केंद्रातले कोणते निर्णय कोण घेतं, हे शोधून काढा. ओपीडीच्या वेळा कोण ठरवतं? औषधांची मागणी कोण नोंदवतं, आणि कधी? घरभेटींच्या फेऱ्या कोण आखतं? डिस्चार्जच्या वेळी सूचना द्यायचं काम नेमकं कोणाचं? या माणसांना पहिल्याच बैठकीला बोलवा आणि विचारा, ‘लोकांकडून काय कळलं तर तुम्ही तुमचा आजचा निर्णय बदलाल?’ ज्या विषयावर कोणीच काही बदलायला तयार नाही किंवा कोणाच्याच हातात ते नाही, तो विषय यंदा लोकांना विचारूच नका. अधिकार नसलेल्यांनी केलेलं सर्वेक्षण म्हणजे लोकांच्या वेळेचा अपव्यय, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस एकदा सांगतो, दुसऱ्यांदा सांगतो आणि काहीच हललं नाही की गप्प बसतो. मग ती शांतता कागदावर समाधान म्हणून नोंदली जाते. तुमच्या केंद्रात असं झालं असण्याची शक्यता बरीच आहे.

आता त्या ‘समाधानी’ आकड्याबद्दल. लोक खोटं लिहितात असं समजू नका. मधुमेहाच्या एका वयस्कर बाईंशी मी औषधांच्या खिडकीबाहेर बोलत होते. इथली सेवा कशी वाटते, असं विचारल्यावर त्या लगेच म्हणाल्या, ‘चांगली आहे हो, सगळे नीट बोलतात.’ मग मी म्हटलं, ‘आज कोणत्या गोळ्या मिळाल्या, दाखवता का?’ त्यांनी पिशवीतून पाकिटं काढली. त्यातली एक गोळी आधी पांढरी मिळायची, या वेळी गुलाबी होती. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलू शकतो. औषध तेच होतं. पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. घरी पांढऱ्या गोळ्या शिल्लक होत्या आणि त्या दोन्ही घेणार होत्या, म्हणजे एकाच औषधाचा दुप्पट डोस. फॉर्मवर मात्र त्यांनी ‘अतिशय समाधानी’वर खूण केली असती, आणि तीही मनापासून.

असं का होतं याचा चांगला उलगडा ब्रायन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये, मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्यांच्या मुलाखतींवरून केला. वाईट अनुभव आला तरी माणूस मनात दोन गोष्टी तोलून बघतो: हे करणं त्यांचं काम होतं का, आणि ते झालं नाही यात त्यांचा दोष होता का. ‘एवढ्या गर्दीत डॉक्टर तरी काय करणार’ असं मनाशी म्हटलं की वाईट अनुभवही ‘समाधानी’च्या रकान्यात जाऊन बसतो. त्यातच फॉर्म भरून घेणारी सिस्टरच उद्या इंजेक्शन देणार असेल, तर कोण कशाला वाईट लिहील?

म्हणून मत विचारू नका, काय घडलं ते विचारा. ‘डॉक्टरांनी नीट समजावलं का?’ याचं उत्तर हमखास ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारा: ‘तुम्हाला काय झालंय आणि आता घरी जाऊन काय करायचं, ते मला तुमच्या शब्दांत सांगता का?’ ‘रात्री त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा, हे कोणी सांगितलं का?’ ‘तपासताना पडदा ओढला होता का?’ ‘आज कोणतं काम अर्धवट राहिलं, ज्यासाठी पुन्हा यावं लागणार?’ हा शेवटचा प्रश्न माझा सगळ्यात आवडता आहे. त्याच्या उत्तरांमधून केंद्राच्या कारभारातल्या गाठी सापडतात: रिपोर्ट दुपारनंतर मिळतात आणि डॉक्टर दुपारी निघून जातात, सही करणारी व्यक्ती आठवड्यातून एकदाच येते, असल्या गोष्टी.

मोठ्या प्रमाणावर मोजायचं असेल तरी हेच सूत्र धरा. अमेरिकेतल्या रुग्णालयांचं जे राष्ट्रीय रुग्ण-सर्वेक्षण आहे, ज्याचे रुग्णालयनिहाय निकाल २००८ पासून जाहीर होतात, त्यात बहुतेक प्रश्न ‘किती वेळा’ असे आहेत. परिचारिकांनी तुमचं म्हणणं लक्ष देऊन किती वेळा ऐकलं: कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी? अशा प्रश्नाला माणूस आठवून उत्तर देतो आणि वाचणाऱ्यालाही काय सुधारायचं ते कळतं. याउलट इंग्लंडमध्ये २०१३ पासून ‘ही सेवा तुम्ही मित्रांना आणि कुटुंबीयांना सुचवाल का?’ हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सगळीकडे विचारला जाऊ लागला. ज्या भागात एकच दवाखाना आहे तिथे सुचवण्या-न सुचवण्याचा प्रश्न येतोच कुठे? २०२० मध्ये तो बदलून ‘एकूण अनुभव कसा होता’ असं विचारायला सुरुवात झाली. या फॉर्ममधली खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे खालच्या मोकळ्या जागेत लोक जे लिहितात ती वाक्यं. आकड्यावर बैठका घेणारे आणि ती वाक्यं न वाचणारे मी बरेच पाहिले आहेत. तुमच्याकडे जुने फॉर्म पडून असतील तर आज संध्याकाळी बसून फक्त ती हस्ताक्षरातली वाक्यं वाचा.

दुसरा मोठा मुद्दा म्हणजे विचारायचं कोणाला. केंद्रात आलेल्यांना विचारणं सोपं असतं, पण ते आलेले असतात. जे येईनासे झाले त्यांचं काय? यासाठी वेगळं सर्वेक्षण लागत नाही, तुमची रजिस्टरंच बोलतात. नोंदणी झाली पण डॉक्टरांना न भेटताच गेलेले, पहिल्या तपासणीनंतर पुन्हा न आलेल्या गरोदर स्त्रिया, क्षयरोगाचं किंवा रक्तदाबाचं औषध मध्येच थांबवलेले, डिस्चार्जनंतर काही दिवसांतच पुन्हा भरती झालेले. या प्रत्येक गटातल्या पाच-सहा जणांशी त्यांच्या घरी किंवा ते म्हणतील तिथे शांतपणे बोला. मात्र नावांची यादी घेऊन थेट कोणाच्या दारात जाऊ नका. आधी केंद्रातल्या ओळखीच्या कर्मचाऱ्याने त्यांची परवानगी घ्यावी. क्षयरोग, गर्भपात, मानसिक आजार अशा बाबतीत तुमचं नुसतं घरी येणंसुद्धा शेजाऱ्यांना काहीतरी सांगून जातं.

पेटी आणि ऑनलाइन फॉर्म यांतून आणखी काही माणसं कायमची निसटतात. लिहिता-वाचता न येणारी, वेगळी भाषा बोलणारी, ऐकू न येणारी किंवा दृष्टी गेलेली, दिवसभर कामावर असणारी. आणि घरात आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या बायका, ज्यांना स्वतःला ‘रुग्ण’ म्हणून कोणी विचारतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा कशी चालली आहे हे त्या माणसाइतकंच त्याला रोज कूस बदलून देणाऱ्याला ठाऊक असतं. या सगळ्यांपर्यंत पोहोचायला बोलणारी माणसं लागतात. त्यांच्यातलीच, त्यांची भाषा बोलणारी, आणि केंद्राच्या पगारावर नसलेली.

वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रांत तर अधिकच जपून वागावं लागतं. तिथे राहणारा माणूस जेवण, आंघोळ, औषध या सगळ्यासाठी ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्यांच्याचबद्दल आपण त्याला विचारतो. कर्मचारी उभे असताना मिळालेल्या उत्तराला काही किंमत नसते. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत प्रश्नोत्तरांपेक्षा नुसतं बसून पाहणं जास्त उपयोगी पडतं: घंटा वाजवल्यावर कोण येतं, भरवताना घाई होते का, पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर असतो का. इंग्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने ‘हेल्थवॉच’ नावाच्या स्थानिक संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांना अशा ठिकाणी आत जाऊन पाहण्याचा अधिकार मिळाला. तो अधिकार मला फार मोलाचा वाटतो. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही रचना मोडून तिचं काम सरकारी यंत्रणांकडेच सोपवण्याचं जाहीर केलं. सेवा देणारा, पैसे देणारा आणि अभिप्राय घेणारा एकाच छपराखाली आले की लोक मोकळेपणाने बोलतील का, याची मला खरोखर काळजी वाटते. तुमची समिती लहान असली तरी हे लक्षात ठेवा आणि विचारणाऱ्यांत निदान काही माणसं बाहेरची ठेवा.

प्रतीक्षेबद्दल लोक नेहमी बोलतात, त्यामुळे त्यासाठीची एक पद्धत सांगते. नोंदणीच्या खिडकीवर प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. नोंदणी, डॉक्टर, प्रयोगशाळा, पुन्हा डॉक्टर, औषध, अशा प्रत्येक ठिकाणी तिथला माणूस त्यावर फक्त वेळ लिहितो आणि शेवटच्या खिडकीवर चिठ्ठी परत घेतली जाते. आठवड्यातले दोन वेगवेगळे दिवस एवढं केलं तरी पुरतं. मी जिथे जिथे हे केलं तिथे लोकांची तक्रार ‘डॉक्टरांकडे फार वेळ लागतो’ अशी होती, आणि चिठ्ठ्यांवर वेळ गेलेला दिसायचा तो बहुधा रिपोर्ट हातात पडल्यापासून दुसऱ्यांदा आत जाईपर्यंतचा, कारण रिपोर्ट घेऊन आलेल्यांना पुन्हा नव्या रांगेच्या शेवटी उभं केलं जायचं. लोकांना त्रास कुठे होतो हे लोक सांगतात. तो कशामुळे होतो हे शोधणं आपलं काम आहे. अभिप्राय आणि मोजमाप दोन्ही हातात असलं की कर्मचाऱ्यांशी वाद होत नाही. दोघंही एकाच कागदाकडे बघतात.

कर्मचाऱ्यांना बाजूला ठेवून हे काम होत नाही. त्यांना वाटतं आपली चौकशी चालली आहे, आणि बऱ्याचदा तसं वाटायला कारणही असतं. त्यामुळे लोकांना विचारता तेव्हाच त्यांनाही विचारा: तुमचं काम कशामुळे अडतं? रुग्णावर तुम्ही कधी ओरडता, त्याच्या आधी काय झालेलं असतं? पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी विकसित केलेल्या एका पद्धतीत रुग्णांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या आधी वेगवेगळ्या मुलाखती होतात, रुग्णांच्या बोलण्याची छोटी फिल्म सगळ्यांना दाखवतात आणि मग दोन्ही बाजू एकत्र बसून दुरुस्त्या ठरवतात. फिल्म शक्य नसेल तर दोन-तीन जणांनी स्वतः येऊन आपला अनुभव सांगितला तरी चालतं. एखादे डॉक्टर ‘लोकांना वैद्यकातलं काय कळतं’ असं म्हणतील. त्यांच्यासाठी २०१३ चा एक आढावा आहे. त्यात ५५ अभ्यास एकत्र तपासले होते, आणि रुग्णांचा अनुभव जिथे चांगला तिथे उपचारांची सुरक्षितता आणि परिणामकारकताही चांगली, असाच कल बहुतांश दिसला. गुलाबी गोळीचं उदाहरण घ्या. ती बाई वैद्यकाबद्दल काही बोलली नव्हती, पण तिच्या पिशवीमुळे औषधाची होऊ घातलेली चूक समोर आली.

तक्रारपेटीबद्दल एकच विचारते: तिची किल्ली कोणाकडे आहे? ज्यांच्याविरुद्ध तक्रार येऊ शकते त्यांच्याकडे असेल तर पेटी काढून टाका, कारण ती फक्त दिखाव्यापुरती आहे. किल्ली समितीकडे असावी, ठरलेल्या दिवशी दोघांनी मिळून पेटी उघडावी आणि प्रत्येक चिठ्ठी तारखेसह वहीत नोंदवावी. तोंडी तक्रारही त्याच वहीत यावी. खिडकीवर रोज दहा वेळा ऐकू येणारी कुरकुर कुठेच लिहिली जात नाही, आणि सगळ्यात ताजी माहिती तीच असते. तक्रारींचा अभ्यास करणारे ॲलेक्स गिलेस्पी आणि टॉम रीडर यांनी दाखवून दिलं आहे की सेवेच्या आत शिरताना आणि तिथून बाहेर पडल्यावर जे घडतं ते कर्मचाऱ्यांच्या नजरेआड राहतं. रुग्ण आणि नातेवाईक मात्र ते पाहत असतात.

तक्रार मोजताना एक मोठा धोका असतो, तो म्हणजे संख्येच्या मागे लागणं. पार्किंगबद्दल चाळीस चिठ्ठ्या आणि ‘माझ्या आईला रात्रभर ओल्या चादरीवर ठेवलं’ अशी एक, यांत आधी ती एक उचला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. नातेवाईक सांगत होते, ज्युली बेली यांच्यासारख्यांनी आपली आई गमावल्यावर मोहीम उभारली, पण व्यवस्थापनाचं लक्ष आर्थिक आणि सरकारी उद्दिष्टांवर होतं. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या, आणि व्यवस्थापनाने रुग्णांचं आणि कर्मचाऱ्यांचं ऐकलं नाही हा त्याचा मुख्य ठपका होता. माहितीची उणीव तिथे नव्हतीच.

यावरून मुद्दा येतो उत्तराचा, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या कामाचं मर्म तिथे आहे. उत्तर द्यायला कोणीतरी बांधील असलं पाहिजे. हेल्थवॉचच्या अहवालांना संबंधित यंत्रणेने साधारणपणे २० कामकाजी दिवसांत लेखी उत्तर द्यावं, असा नियम केला गेला. महाराष्ट्रात २००७ पासून, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच सेवांचं प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरायचं आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तरं द्यायची. लाल रंग का, हे वाचता न येणाऱ्यालाही विचारता येतं. ब्राझीलमध्ये आरोग्य परिषदांवर निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांसाठी असतात. रचना वेगवेगळ्या आहेत, पण ‘आम्ही पाहतो’ एवढं सांगून कोणाला सुटता येत नाही, हे सगळीकडे सारखं आहे.

तरीही लोकांचा दबाव म्हणजे रामबाण उपाय, असं मी म्हणणार नाही. युगांडात ५० आरोग्य केंद्रांच्या परिसरात एक प्रयोग झाला. निवडलेल्या ठिकाणी लोक आणि कर्मचारी यांच्यासमोर केंद्राच्या कामगिरीचा ताळेबंद ठेवून त्यांच्याकडून एकत्र आराखडा करून घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे त्याच देशात ३७६ केंद्रांवर तसाच, पण खूप मोठा अभ्यास झाला. त्यात उपचारांचा दर्जा थोडा सुधारला, पण मृत्यूदरात आणि केंद्रात येणाऱ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचून माझं मत असं झालं आहे की उपस्थिती, वागणूक, वेळा, माहिती देणं अशा गोष्टी लोकांच्या रेट्याने बदलू शकतात. जिथे औषधच वरून येत नाही किंवा दोन पदं रिकामी आहेत, तिथे गोळा झालेले अनुभव घेऊन वरच्या कचेरीत जावं लागतं. खालच्या सिस्टरला त्याबद्दल धारेवर धरणं अन्यायाचं आहे.

लोकांकडे परत जाताना तीन गोष्टी लिहा: तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं काय केलं, आणि काय करता आलं नाही व का. तिसरा भाग बहुतेक ठिकाणी गाळतात, आणि नेमका तोच वाचून लोकांचा विश्वास बसतो. ‘संध्याकाळची ओपीडी सुरू करता आली नाही, कारण दुसऱ्या डॉक्टरांचं पद रिकामं आहे, त्यासाठी अमुक तारखेला पत्र पाठवलं’ असं स्पष्ट लिहिलं की लोक समजून घेतात. फलक मोठ्या अक्षरात, नोंदणीच्या खिडकीजवळ लावा आणि ज्यांच्या घरी जाऊन बोललात त्यांना पुन्हा जाऊन तोंडी सांगा. लिहिताना एवढं बघा की लहान वस्तीत ‘एका तरुण विधवेने सांगितलं’ इतक्यावरूनही माणूस ओळखू येतो. असे तपशील बदला किंवा गाळा.

पहिल्या वर्षी एकच विषय घ्या, आणि तोही केंद्राच्या स्वतःच्या हातात असलेला. मला औषधांच्या खिडकीवर दिली जाणारी माहिती हा विषय योग्य वाटतो. त्याला जास्त पैसे लागत नाहीत, तो रोज प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि चुकला तर जिवावर बेतू शकतो. खिडकीतून बाहेर पडणाऱ्या वीस-पंचवीस जणांना गोळ्या दाखवून ‘ही कधी आणि किती घ्यायची’ एवढंच विचारा आणि बरोबर उत्तरं मोजा. कर्मचाऱ्यांबरोबर बसून एक-दोन बदल ठरवा. पाकिटावर सूर्य-चंद्राची खूण, रंग बदललेली गोळी हातात देताना तोंडी सांगणं, घरून जुनी पाकिटं आणायला लावणं, असं काहीही. तीन महिन्यांनी तोच प्रश्न तशाच वीस-पंचवीस जणांना विचारा, शक्यतो वेगळ्या माणसाकडून, आणि दोन्ही आकडे त्याच फलकावर शेजारी शेजारी लावा.